सील तुटलं की केस तुटते

'सीआयडी'मधले डॉ. साळुंखे आठवतायत ना? एसीपी प्रद्युम्न एखादा केस नाहीतर शर्टाचं बटण घेऊन लॅबमध्ये शिरायचे. साळुंखे परीक्षानळीतलं रंगीत पाणी हलवायचे आणि ब्रेकच्या आत खुनी कोण ते कळायचं! आपल्यापैकी बऱ्याच जणांचं फॉरेन्सिक सायन्स तिथेच सुरू झालं आणि तिथेच संपलं. पण ते बटण लॅबपर्यंत आलं कसं? उचललं कुणी, कशात ठेवलं, रात्रभर कुठे होतं, मध्ये कुणी पाकीट उघडलं का? हे प्रश्न त्या सिरियलमध्ये कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

कोर्ट मात्र आधी हेच विचारतं. आणि त्याचं उत्तर नसेल तर काय होतं, हे आपल्या विरार लाइनवाल्यांइतकं कुणालाच कळू नये, इतकं ते आपल्या जवळचं आहे.

११ जुलै २००६. संध्याकाळची गर्दीची वेळ. पश्चिम रेल्वेच्या उत्तरेकडे, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या लोकल्समध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यात. १८०हून जास्त माणसं गेली, ८००हून जास्त जखमी झाली. मी तेव्हा तीन वर्षांची होते, त्यामुळे मला काही आठवत नाही. पण आई अजून सांगते, की फोन लागत नव्हते आणि चंदनसारच्या आमच्या चाळीत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गाडीत होतं. बाबा रात्री एकनंतर घरी आले. अर्धा रस्ता चालत, अर्धा कुणाच्या तरी टेम्पोत. बाबा सेकंड क्लासचा पास काढायचे, एवढाच काय तो फरक.

सप्टेंबर २०१५मध्ये विशेष मकोका कोर्टाने १२ जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. त्यातला एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. बाकीचे १९ वर्षांनी बाहेर आले.

त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर दोनच प्रकारचे मेसेज फिरत होते. एक, 'टेक्निकल पॉइंटवर सुटले.' दुसरा, 'निरपराधांना अडकवलं होतं.' दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी ठाम. निकालात नेमकं काय म्हटलंय, हे विचारणारे फार थोडे होते. इंटर्न म्हणून मला निकालाच्या बातम्या वाचून टिपण काढायचं काम होतं, म्हणून मला वाचावं लागलं. नाहीतर मीही फॉरवर्डच केलं असतं, खोटं कशाला बोलू.

न्यायालयाने कबुलीजबाब नाकारले, कारण ते छळ करून घेतल्याचा आक्षेप त्यांना ग्राह्य वाटला. ओळखपरेड नाकारली, कारण ती घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वेळी तसा अधिकारच नव्हता. पण मी थांबले ती तिसऱ्या मुद्द्यावर. स्फोटकं, सर्किट बॉक्स वगैरे जप्त केल्याचं तपास यंत्रणेने सांगितलं होतं. न्यायालय म्हणालं, की या वस्तू लॅबमध्ये पोहोचेपर्यंत नीट सीलबंद आणि सुरक्षित ताब्यात होत्या, हे सिद्ध झालेलं नाही. एवढंच नाही, स्फोटात नेमका कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

सात स्फोट, १९ वर्षं, आणि बॉम्ब कोणता होता तेच रेकॉर्डवर नाही! राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे २४ जुलैला आदेश झाला, की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जायला सांगितलेलं नाही. म्हणजे शेवटचा शब्द अजून यायचाय. पण तो कुठल्याही बाजूने आला तरी १९ वर्षं कुणालाच परत मिळणार नाहीत. तुरुंगात काढलेल्यांनाही नाही आणि 'माझ्या माणसाला कुणी मारलं' हे विचारत बसलेल्या घरांनाही नाही.

आता 'सील म्हणजे नुसती टेक्निकल गोष्ट' या म्हणण्याबद्दल.

पोलीस वस्तू जप्त करतात तेव्हा दोन पंचांसमोर पंचनामा होतो. वस्तू पाकिटात जाते, लाखेचं सील लागतं, लेबलवर पंचांच्या सह्या होतात. मग ती पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात जाते आणि रजिस्टरमध्ये नोंद होते. तिथून एक अंमलदार ती लॅबमध्ये नेतो. सोबत पत्र आणि सीलचा नमुना असतो. लॅबवाले आधी बघतात, की पाकिटावरचं सील अखंड आहे का आणि नमुन्याशी जुळतं का. मगच पाकीट उघडतं. या साखळीतली एक कडी जरी निसटली, तरी आरोपीचा वकील एकच प्रश्न विचारतो, 'जे तपासलं ते तेच कशावरून?' आणि त्याचा प्रश्न बरोबर असतो. कारण सील नसेल तर पुरावा मागाहून घुसवताही येतो आणि गायबही करता येतो. उद्या तुमच्या-माझ्या बॅगेत काहीतरी 'सापडलं', तर आपल्याला वाचवणारी गोष्ट हेच सील असेल.

यात सायन्सही आहे, आणि ते अगदी साधं आहे. रक्ताचा ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला तर त्याला बुरशी लागते आणि डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. जप्त केलेला मोबाइल चालूच ठेवला तर लांबूनही त्यातला डेटा पुसता येतो, म्हणून त्याचं नेटवर्क तोडावं लागतं. यातल्या कशालाही कोट्यवधींचं मशीन लागत नाही. लागतं ते शिकवलेलं माणूस, कागदी पाकीट आणि कोरडी खोली.

शीना बोरा प्रकरण आठवा. २०२४च्या जूनमध्ये कोर्टात सांगण्यात आलं, की सापडलेली हाडंच मिळत नाहीयेत. काही आठवड्यांनी ती सीबीआयच्या दिल्ली ऑफिसमधल्या मालखान्यात असल्याचं कळलं. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यांपैकी एकाची ही गत, तर एखाद्या कामवाल्या मावशीच्या केसमधल्या पाकिटाचं काय होत असेल?

आता 'नवीन कायदे आलेत की' असं कुणी म्हणेल. आलेत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६(३) आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं त्यात बंधनकारक केलंय. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कलम १०५नुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं. आणि ७/११च्या निकालाच्या बरोबर सहा दिवस आधी, १५ जुलै २०२५ला, सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सोडलं. तिथेही डीएनए नमुन्यांच्या हाताळणीत गडबड होती. न्यायालयाने देशभरासाठी सांगितलं, की डीएनए नमुना ४८ तासांत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे आणि तो कुणाकुणाच्या हातातून गेला याचं रजिस्टर शेवटपर्यंत ठेवलं पाहिजे.

हे सगळं चांगलंच आहे. पण मला भीती वाटते ती उद्घाटनांची. व्हॅनला झेंडा दाखवता येतो, लॅबची फीत कापता येते. मुद्देमाल कक्षाची गळकी भिंत दुरुस्त केली तर तिथे फोटो काढायला कोण येणार? कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत कितीही भारी मशीन आणा. आत जाणारं पाकीटच संशयास्पद असेल, तर बाहेर येणारा रिपोर्टही संशयास्पदच असणार. म्हणून पैसे आधी तिथे लावा, जिथे पुरावा पहिल्यांदा हातात घेतला जातो. सकाळी बंदोबस्त, दुपारी कोर्ट, रात्री पंचनामा करणाऱ्या अंमलदाराला नीट ट्रेनिंग द्या. प्रत्येक पाकिटावर बारकोड लावा, कुरियरच्या पार्सलला असतो तसा. आपण मागवलेला शूज आत्ता भिवंडीच्या गोदामात आहे हे मोबाइलवर दिसतं, मग खुनातला चाकू कुठे आहे हे का दिसू नये?

आता आपलं बघू. गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर घरफोडी झाली. पोलीस यायच्या आत अर्धी बिल्डिंग त्या घरात होती. एका काकांनी कपाट उघडून 'इथून गेलं बघा' असं दाखवलं, काकूंनी पडलेले कपडे घडी करून ठेवले, एकाने रील काढलं. मी स्वतः तुटलेलं कुलूप हातात घेऊन बघितलं. मास कॉमची विद्यार्थिनी! कपाटावर ठसे होते ते चोर सोडून आम्हा सगळ्यांचे असणार. मग पंच म्हणून सही करायची वेळ आली, तर सगळ्यांना एकदम दूध उतू जात असल्याचं आठवलं. 'कोण कोर्टाच्या फेऱ्या मारणार?' शेवटी सही केली ती वॉचमनने.

पंच घाबरून पळतात म्हणून पोलिसांना नेहमीचेच 'ठेवणीतले' पंच शोधावे लागतात, आणि मग कोर्टात तेच पंच केसची वाट लावतात. हा दोष फक्त यंत्रणेचा नाही. अठरा पूर्ण झालेल्या आपल्यातल्या कुणालाही पंच होता येतं. पुढच्या वेळी कुठे काही घडलं, तर हात खिशात ठेवा, दार ओढून घ्या, शंभर-बारावर फोन करा आणि सही करायला थांबा. हे रीलइतकं भारी नाही, मान्य. पण मतदान करणं जेवढं नागरिकाचं काम आहे तेवढंच हेही आहे.

बाबा अजूनही तीच गाडी पकडतात. निकालाच्या दिवशी ते घरी आले, टीव्ही बघितला आणि एवढंच म्हणाले, "मग ठेवले कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते कुठल्या तरी पाकिटात होतं. ते पाकीट नीट सील केलं असतं, तर आज बाबांना ते विचारावं लागलं नसतं.