मूळचें तें सारेंच सोनें काय?

गेल्या पंधरवड्यांत इंग्लंडांतून आमच्या पुतण्याचें पत्र आलें. ‘तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार’ एवढा मायना आटोपतांच स्वारी थेट मोटारीकडे वळली. चिरंजीवांनीं तेथें १९६६ सालची एम्. जी. बी. नांवाची, कापडी छपराची स्पोर्ट्स मोटार विकत घेतली आहे. आतां तिचे झिजलेले भाग बदलावयाचे आहेत. त्याचे मोटारवेडे स्नेही म्हणतात, मूळ बनावटीचाच भाग घाला, सौ. सूनबाई म्हणतात, इतर कारखानदारांचा थोडक्या किंमतींत मिळतो तो कां नको? ‘आपली उभी हयात यंत्रांत गेली, तेव्हां निवाडा आपणच करावा,’ असें त्यानें लिहिलें आहे. जुन्या वस्तूंवरून असा वाद आपणां सर्वांच्याच घरीं होतो. म्हणून उत्तर या पानावरून देत आहें.

चि. बाळ, प्रथम तुझ्या गाडीचें कूळ पाहूं. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत ही मोटार तयार होत असे, आणि अशा पांच लाखांहून अधिक गाड्या झाल्या. म्हणूनच तिचे सुटे भाग आजहि मिळतात. इतकेंच नव्हे, तर १९८८ सालीं जुने साचे जमवून तिचा संपूर्ण सांगाडा नव्यानें तयार करण्यास इंग्लंडांत आरंभ झाला. साचा जुना, पत्रा नवा! असल्या सांगाड्यास मूळचा म्हणावें कीं नवा? तेव्हां नुसत्या नांवावरून निवाडा करणें फोल आहे. भागाचें काम कोणतें, हें पाहिलें पाहिजे.

मूळचें तें सारेंच उत्तम, हा समज सोडून दे. तुझें १७९८ घनसेंटिमीटरचें एंजिन ज्या काळांत घडलें, त्या काळीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग मिसळीत. व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर आपटून बसतो, तिच्यावर त्या शिशाचा पातळ थर जमे आणि ती झिजेपासून वांचे. १९९९ च्या अखेरीस इंग्लंडांत शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. आतां गाडी सतत वेगानें चालविल्यास जुन्या ओतीव लोखंडी बैठकी खचत जातात. तेथें कठीण धातूचीं नवीं कडीं बसविणें हेंच शहाणपणाचें. रबरी नळ्यांचेंहि तसेंच. २०२१ च्या सप्टेंबरपासून तेथील साध्या पेट्रोलमध्यें शेंकडा १० पर्यंत इथेनॉल असतें. जुन्या रबरास तें सोसत नाहीं. शिवाय मूळच्या कंपनीच्या डब्यांतील ब्रेकची नळी तीस वर्षें फडताळांत पडून ताठर झाली असेल, तर डब्यावरील नांव पाहून ब्रेक लागणार नाहीं.

परंतु नवें तें सारेंच चालेल, असेंहि सूनबाईंनीं समजूं नये. डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर हा दिसावयास क्षुल्लक तुकडा. पण स्वस्त रोटरांपैकीं कांहींचा माल इतका हलका असतो, कीं ठिणगीची वीज प्लगकडे न जातां रोटरमधूनच खालच्या दांड्यांत उतरते, आणि गाडी भर रस्त्यांत बंद पडते. तुझा जुना रोटर धड असेल, तर चकाकता नवा आणण्याच्या भरीस पडूं नको. आणखी एक. तुझ्या सालच्या गाडींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. ठिणगीसाठीं इलेक्ट्रॉनिक जोडणी घेतलीस, तर ती तशाच गाडीसाठीं आहे ना, हें विचारून घे. नाहीं तर पहिल्याच दिवशीं ती जळण्याचा संभव.

आतां खरी गोष्ट. तुझ्या पत्राच्या अखेरीस दोन ओळी आहेत: दाराखालचे सिल गंजले आहेत, आणि कारागीर त्यांवर नवा पत्रा चढवून चार दिवसांत गाडी परत देतो म्हणतो. स्टिअरिंगचें चाक मूळचेंच मिळावें म्हणून तूं तीन पानें लिहिलींस, आणि यास दोनच ओळी! बाळ, या गाडीस खालीं निराळी चौकट नाहीं, वर पक्कें छप्परहि नाहीं. ज्या पेटीसारख्या पोलादी तुळयांवर तिचा सारा ताठपणा अवलंबून, त्या म्हणजे हे सिल. आंतील पडदी गंजली असेल, तर वरचा पत्रा रंग देण्यापुरता; तो कांहींच तोलीत नाहीं.

तुला आठवणार नाहीं, पण आपल्या वाड्यांत माजघराच्या तुळईस वाळवी लागली होती. सुतारानें वरून सागवानी फळी ठोकून सुरेख रंग दिला; खर्च थोडा म्हणून मींच होकार दिला. दोन पावसाळ्यांनंतर एका दुपारीं ती तुळई खचली. तिच्या खालीं तुझा पाळणा असे. त्या दिवशीं वहिनींनीं तो ओसरीवर नेला होता. तेव्हांपासून झांकण्यासाठीं बसविलेल्या कोणत्याहि वस्तूवर माझा विश्वास नाहीं, मग ती मूळची असो वा नवी.

तेव्हां गंजलेले सिल पुरते कापून काढावयास सांग. आंतील, मधला आणि बाहेरचा असे तिन्ही पत्रे नवे घाल. कापण्यापूर्वीं दारांच्या चौकटीस आडवा आधार द्यावा, नाहीं तर सांगाडा मध्येंच वांकेल आणि दारें नीट लागणार नाहींत. पैसे कमी पडले, तर स्टिअरिंगचें चाक पुढल्या वर्षीं. काढलेले धड भाग टाकूं नको. चिठ्ठी लावून ठेव, आणि काय केव्हां बदललें याची वही लिही. पुढें कोणी गाडी घेईल, त्यास ती वही पुष्कळ मोलाची वाटेल.

सौ. सूनबाईंस व छोटीस अनेक आशीर्वाद. छोटीला त्या गाडींत बसविण्यापूर्वीं सिलचें काम झाल्याचें मला कळीव.