पेट्रोलचं झाकण आणि मागीलदार

पेट्रोलच्या दरावर बोलायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला आणि लिटरमागे अकराएक रुपये उतरले, तेव्हा सीमेपलीकडची माणसंही इथल्या पंपांवर टाकी भरून जायची. त्या अकरा रुपयांवर आमच्या कार्यालयात महिनाभर चहा थंड झाला. पण ज्या झाकणातून ते पेट्रोल गाडीत जातं, त्याबद्दल दोन वाक्यं बोलणारा माणूस काही मला भेटलेला नाही. झाकण ते झाकण. उघडतं, बंद होतं. त्यात बोलायचं काय?

बोलायचं एवढंच, की एखाद्या दिवशी ते उघडत नाही.

खिशात पैसे आहेत, पंपात पेट्रोल आहे, पंपावरचा पोरगा नळी हातात धरून उभा आहे, आणि गाडी मात्र तोंड उघडायला तयार नाही. दुपारी बाजाराला निघालेल्या माणसाची यात फार तर फजिती होते. पण रात्री साडेअकराला वाळपईहून किंवा काणकोणहून घरचं आजारी माणूस मागच्या सीटवर घालून बांबोळीच्या इस्पितळाकडे निघालात आणि काटा तळाला टेकलेला असला, तर तेच झाकण जिवावर बेतू शकतं. हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हे, म्हणून लिहितो आहे.

आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याच्या गाडीचं झाकण चवथीच्या तोंडावर अडकलं. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गजर, आणि सल्ला द्यायला दहा माणसं. कुणी म्हणे बुक्की मारा, कुणी म्हणे किल्ली घाला. शेवटी एका उत्साही गृहस्थाने स्क्रू ड्रायव्हर आणून झाकणाच्या फटीत खुपसला. झाकण उघडलं हे खरं, पण वाकून आणि कडेचा रंग घेऊन. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी गंज धरला. गॅरेजवाल्याने नंतर सांगितलं, की केबल शाबूत होती. झाकण वर उचलणारी पट्टी तेवढी ढिली झाली होती. म्हणजे दुखणं नखाएवढं आणि शस्त्रक्रिया पोटाची!

आता मी काही मेकॅनिक नव्हे. कला शाखेचा पदवीधर, आणि पोटासाठी सरकारी टेबलावर फायली हलवणारा माणूस. पण या झाकणाचं शास्त्र समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, हेच मला सांगायचं आहे. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात चालकाच्या सीटजवळ, खाली, एक छोटा खटका असतो. त्याला तारेची केबल बांधलेली असते, ती गालिच्याखालून थेट मागे जाते आणि झाकणाची खिट्टी मागे ओढते. सायकलच्या ब्रेकसारखाच प्रकार. दुसऱ्यात खटक्याऐवजी बटण असतं आणि खिट्टी विजेवर सरकते. तिसऱ्यात बटण नाही आणि खटकाही नाही. गाडीचे दरवाजे किल्लीने उघडले की झाकणही मोकळं होतं आणि बोटाने दाबलं की पुढे येतं.

तेव्हा झाकण अडलं की सगळ्यात आधी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि कान उघडे ठेवा. खटका ओढल्यावर मागून 'टक' असा आवाज येतो का? आवाज येतो पण झाकण येत नाही, असं असेल तर खिट्टी सुटते आहे, झाकणाला उचलून देणारी पट्टी किंवा स्प्रिंग दमली आहे, नाहीतर बिजागरी मातीने धरली आहे. हे दोन माणसांचं काम. एकाने खटका ओढून धरायचा, दुसऱ्याने झाकणाच्या मोकळ्या कडेवर तळहाताने हलकंच दाबून सोडायचं. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं. खटका हाताला अगदी सैल लागला, ओढल्याचं काही जाणवलंच नाही, तर केबल तुटली आहे किंवा कुठल्यातरी टोकाला निसटली आहे. आणि खटका दगडासारखा घट्ट असेल तर जोर करू नका. खिट्टी अडकली आहे. अशा वेळी जोर केला तर खटकाही हातात येतो.

विजेवरच्या झाकणाला आधी सगळे दरवाजे एकदा बंद करून पुन्हा उघडून बघावं. नुसता चालकाचा दरवाजा उघडून काही गाड्यांचं झाकण मोकळं होत नाही. मग फ्यूज बघावा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालावा, तार गुंडाळण्याचे घरगुती उद्योग करू नयेत. आणि अंधारात बघायला काडी किंवा लायटर पेटवणाऱ्या महाभागांना हात जोडून विनंती : मोबाईलची बॅटरी वापरा. तिथे पेट्रोलची वाफ असते.

एवढं करूनही झाकण हलत नसेल तर शेवटचा उपाय डिकीत आहे, आणि हीच गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पुष्कळ गाड्यांत, ज्या बाजूला पेट्रोलचं झाकण त्या बाजूच्या डिकीच्या आतल्या अस्तरामागे एक दोरी, कडी किंवा केबलचं टोक ठेवलेलं असतं. ते हळूच सरळ ओढलं की बाहेरचं झाकण सुटतं. (हात घालताना जपून, आत पत्र्याच्या कडा धारदार असतात.) सगळ्याच गाड्यांना ही सोय नसते. पण आपल्या गाडीला आहे की नाही, हे पंपावर उभं राहून शोधायचं नसतं.

आपल्या जुन्या घरांना पुढचं दार असतं तसं मागीलदारही असतंच. पुढचं दार अडलं म्हणून कुणी कौलं काढून घरात उतरत नाही. कार्यालयातल्या प्रत्येक कपाटाला दुसरी किल्ली असते, आणि ती कुणाच्या ताब्यात आहे याची नोंदही असते. गाडी बनवणाऱ्यांनी मागीलदार ठेवलं, हे चांगलंच केलं. पण ते कुठे आहे हे घरमालकालाच सांगितलं नाही! नवी गाडी ताब्यात घेताना शोरूममध्ये काय काय होतं ते आठवा. नारळ फुटतो, फोटो निघतो, पेढे वाटले जातात, गाणी कशी लावायची याचं तर साग्रसंगीत प्रात्यक्षिक होतं. 'झाकण अडलं तर ही दोरी ओढा' एवढे सहा शब्द सांगायला किती वेळ लागला असता?

यावर एक उत्तर तयार असतं, की पुस्तिकेत सगळं दिलेलं आहे. असेलही. पण ती जाडजूड पुस्तिका बहुतेक वेळा इंग्रजीत असते. चारशे पानांत कुठेतरी 'फ्युएल फिलर लिड' नावाची वस्तू सापडते, आणि ती म्हणजेच आपलं पेट्रोलचं झाकण, हे कळेपर्यंत मागच्या गाडीवाल्याचा संयम संपलेला असतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने आमच्या राज्यात कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीही वापरायची मुभा मिळाली. त्यावरून आम्ही भांडलो, आजही भांडतो. पण दोन्ही बाजूंची माणसं ज्या गाड्यांत बसून सभेला जातात, त्या गाड्यांची पुस्तिका कोकणीत नाही आणि मराठीतही नाही, याचं कुणालाच काही वाटत नाही. भाषा काय फक्त अर्जासाठी आणि आरतीसाठी असते? जी भाषा रात्री रस्त्यात अडलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही, तिच्या गौरवाची भाषणं कितीही झाली तरी व्यर्थच.

आणि हो, मराठी म्हणजे आमच्या सरकारी छापाची मराठी नव्हे. माझा त्या मराठीशी रोजचा संबंध आहे, म्हणून सांगतो. 'इंधन-पूरण-द्वार-मुक्तिसूत्र' असं काहीतरी छापून आणलं तर माणूस इंग्रजीच बरी म्हणेल. 'पेट्रोलचं झाकण उघडायची दोरी' असं लिहा. एक चित्र काढा. तो कागद डिकीच्या आत चिकटवा. बस्स.

दुसरा आक्षेप असा, की लोकांना दोरी दाखवली तर पेट्रोल चोरणाऱ्यांचं फावेल. पेट्रोलच्या चोऱ्या होत होत्या आणि होतात, हे मान्य. म्हणूनच तर झाकणाला आतून खटका आला. पण दोरी कुलूपबंद डिकीत आहे. ज्याने डिकीच फोडली तो दोरी शोधत बसेल की स्टेपनी घेऊन पळेल?

कंपन्यांच्या माथी सगळं मारूनही चालणार नाही. चेतक स्कूटरच्या काळात सीट उचलून टाकीचं झाकण आपणच उघडत होतो, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं ते सांगत होतो, रिझर्व्हचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते घरातल्या पोरांनाही ठाऊक होतं. तेव्हा आपण काही फार हुशार होतो असं नव्हे. वस्तूशी ओळख ठेवल्यावाचून ती चालतच नव्हती. आता ती ओळखीवाचून चालते, म्हणून आपण ओळख सोडली. विजेवरच्या गाड्यांनाही चार्जिंगचं झाकण आहे, तेव्हा हा प्रश्न पेट्रोलबरोबर संपेल अशा भ्रमात राहू नये.

आपल्या कोकणपट्टीत तर ही ओळख जास्तच हवी. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि आमची तांबडी माती. झाकणाच्या आतल्या खोलगट जागेत तळाला पाणी निघून जायला एक बारीकसं भोक असतं. ते मातीने बुजलं की पाणी साचतं आणि गंज धरतो. महिन्यातून एकदा तिथे ओलं फडकं फिरवावं, भोक मोकळं करावं, बिजागरीला थेंबभर वंगण द्यावं. आणि झाकण एकदा अडून सुटलं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ते पुन्हा खिट्टीत दाबून बसवू नये, चिकटपट्टीने धरून ठेवावं. टाकी खरी बंद होते ती आतल्या फिरकीच्या बुचाने. ते मात्र घट्ट हवं.

मंडळी, येत्या रविवारी जेवणानंतर आडवं होण्याआधी दहा मिनिटं काढा. डिकी उघडा, अस्तरामागे हात घाला, दोरी आहे का बघा. सापडली तर घरात जे जे गाडी चालवतात त्यांना ती ओढायला लावा. सापडली नाही तर पुढच्या सर्व्हिसिंगला विचारा, आणि उत्तर मिळाल्यावाचून काउंटर सोडू नका. सरकारी कचेरीत आमच्याशी हुज्जत घालता तेवढ्याच हक्काने घाला!