न येण्याची सोय

"आता अंतर राहिलेच कोठे? रोज बोलणे होतेच की!" हे वाक्य आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून हल्ली वारंवार ऐकू येते. मोबाईलने माणसे जवळ आणली, हा त्याचा मथितार्थ. अष्टागरातील चौलसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे हे मत किती भ्रामक आहे ते ध्यानात येते.

दूरदेशाशी संबंध ही चौलास नवलाई नव्हे. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी या बंदरात आला, तेव्हा येथे स्थायिक झालेले अरब व त्यांची येथेच जन्मलेली मुले त्यास आढळली. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन याच किनाऱ्यास लागला. त्या काळी दूरचा मनुष्य जवळचा होई तो येथे येऊन, राहून, येथले अन्नपाणी सेवन करून. आज मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्यास नेणारी रो-रो बोट 2020 पासून सुरू आहे. तरीही मार्गशीर्षात दत्ताच्या डोंगरावर यात्रा भरली, की गावातला कोणी तरुण तिचे चित्रण व्हॉट्सॲपवर पाठवितो, मुंबई-पुण्याचे आप्त त्याखाली जोडलेल्या हातांचे चिन्ह उमटवितात, आणि यात्रेस जाणे झाले असे मानून मोकळे होतात!

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली, वीज गेली आणि मोबाईलही मुके झाले. अशा वेळी वाटेवरचे झाड तोडावयास कोयता घेऊन येऊ शकतो तो शेजारीच. मग त्याच्याशी कुंपणावरून कितीही तंटा असो. त्या दिवसांत टाळेबंदी होती. तेव्हा न आलेल्या आप्तांस दोष देणे अन्यायाचे होईल. पण टाळेबंदी उठूनही आता वर्षे लोटली. नवी पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. त्या अवधीत पडलेल्या वाडीची छायाचित्रे पाहून हळहळलेल्यांपैकी किती जणांनी नव्याने लावलेली वाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, याचा जाब प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा.

आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आईस रोज दिसतो, हे लहान सुख नव्हे. पूर्वी निरक्षर स्त्रीस मुलाचे पत्र परक्याकडून वाचून घ्यावे लागे, आणि पाहुण्यांच्या राबत्याचा सारा भार चुलीपुढच्या बाईवर पडे. तो काळ परत यावा असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप आहे तो या साधनाचा न येण्याची सबब म्हणून जो उपयोग होतो त्यास. नाते म्हणजे परस्परांचे देणे. आजारी चुलत्याच्या उशाशी रात्र काढणे, भाऊबंदकीचा वाद पडवीत समोरासमोर बसून मिटविणे, हे ते देणे होय. यांपैकी काहीही न करता केवळ सुप्रभाताचा संदेश धाडून ते फिटले, अशी समजूत करून घेणे ही आत्मवंचना आहे.

तेव्हा वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे: गावी फोन जरूर करावा, पण तो ठेवण्यापूर्वी आपण केव्हा येणार ते सांगावे आणि त्या दिवशी जावे. पडवीत वाट पाहणाऱ्या माणसांचे वय थांबलेले नाही.