आवाज केव्हां होतो ?

गेल्या सोयाबीनच्या हंगामांत आमच्या घरीं एका आवाजावरून तीन दिवस वाद माजला होता. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याजोगी वाटते. कारण ट्रकसंबंधीं ती जेवढें शिकविते, तेवढेंच घरासंबंधींही शिकविते.

आमचें कुटुंब मेहकर तालुक्यांतील जानेफळचें. तिघां भावांची शेती एकत्र, चूल एकत्र, आणि माल वाहण्यासाठीं घेतलेला जुना ट्रकही सामाईकच. घाटावरचा कापूस एके काळीं बैलगाड्यांनीं घाट उतरून खामगांवच्या बाजारीं जाई. १८७० सालीं खामगांवास आगगाडी आली आणि त्या बाजाराचें नांव दूरवर झालें. आतां बैलांचें तें ओझें ट्रकांनीं उचललें आहे.

तर या ट्रकाचा क्लच दाबतांच खालून घरघर असा आवाज येऊं लागला. थोरल्या बंधूंनीं तत्काळ निवाडा केला, "ड्रायव्हर दिवसभर क्लचवर पाय ठेवून बसतो. त्यानेंच गाडी बिघडविली." एका कारागिरानें गाडी न तपासतांच सांगितलें कीं, सगळा गिअरबॉक्स खोलावा लागेल. ड्रायव्हर आमच्याकडे बारा वर्षें असलेला माणूस. तो खालीं मान घालून एवढेंच म्हणाला, "मालक, मीं पाय ठेवून गाडी चालविली नाहीं." खर्च त्याच्या पगारांतून कापावा, येथपर्यंत गोष्ट आली. तेव्हां मीं म्हटलें, "दादा, आधीं गाडीला विचारूं, मग माणसाला."

क्लच ज्यांनीं पाहिलेला नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. एंजिनाच्या टोकाशीं फ्लायव्हील नांवाचें एक जड चक्र फिरत असतें. त्याला लागून, घर्षणासाठीं अस्तर लावलेली एक तबकडी असते, तीच क्लचप्लेट. प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरानें ही तबकडी चक्रावर दाबून धरते, म्हणून एंजिनाची गति गिअरबॉक्सच्या दांड्यास मिळते. पेडल दाबलें म्हणजे एक काटा रिलीज बेअरिंगला पुढें ढकलतो. तें बेअरिंग स्प्रिंगांचा दाब सैल करतें आणि तबकडी सुटी होते.

बैलगाडीचा आख कुरकुरला तर शेतकरी आधीं पाहतो कीं, ओझें असतांना कुरकुरतो कीं रिकामा. वळणावर कीं सरळ वाटेवर. क्लचचेंही तसेंच आहे. आवाज किती मोठा होतो, यापेक्षां तो केव्हां होतो, हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

आम्ही ट्रक सपाट जागीं उभा केला, हँडब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून दगड लावले, गाडीखालीं कोणी नाहीं हें पाहिलें, आणि न्यूट्रलमध्यें एंजिन मंद चालूं ठेवलें. मग एका वेळीं एकच गोष्ट बदलीत गेलों.

पाय काढलेला असतांना आवाज येतो आणि पेडल पूर्ण दाबतांच थांबतो, असें असेल तर संशय गिअरबॉक्सच्या दांड्याच्या बेअरिंगवर घ्यावा. कारण पेडल दाबल्यावर एंजिन त्या दांड्यास फिरवीत नाहीं. पेडल हलकेच दाबून बेअरिंग टेकतें न टेकतें तोंच आवाज सुरू होतो, दाब वाढवितांना त्याचा सूर पालटतो आणि पाय काढतांच तो नाहींसा होतो, तर रिलीज बेअरिंग झिजलें असें समजावें. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच आवाज येत असेल, तर चक्राच्या मध्यभागीं असलेलें पायलट बेअरिंग पाहावें. त्या वेळीं दांडा थांबलेला असतो व चक्र फिरत असतें. आणि गाडी सुटतांना नुसती थरथर होत असेल, तर अस्तरास तेल लागलें आहे काय, हें तपासावें.

आमचा आवाज दुसऱ्या प्रकारचा निघाला. म्हणजे बेअरिंगपर्यंत पोंचण्यासाठीं गिअरबॉक्स उतरविणें आलें. परंतु त्याच्या आंतील दांतेरी चक्रें खोलण्याचें कारण उरलें नाहीं.

बेअरिंग झिजलें, हें आवाजानें सांगितलें. तें कशानें झिजलें, हें पेडलानें सांगितलें. आमच्यासारख्या जुन्या ट्रकांत पेडल हातानें दाबलें असतां तें प्रथम थोडें सैल जावयास हवें. त्यास खेळ म्हणतात. तो किती असावा, हें त्या त्या गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. अस्तर झिजत जातें तसा हा खेळ कमी होतो आणि नट फिरवून तो पुन्हां जुळवावा लागतो. कांहीं नव्या गाड्यांत बेअरिंग सदैव टेकलेलेंच राहावें अशी रचना असते. तेथें हा नियम लागूं नाहीं. आमच्या पेडलांत खेळ मुळींच उरला नव्हता. एंजिन चालूं असेतों बेअरिंग टेकूनच फिरत होतें. ड्रायव्हरचा पाय पेडलावर असो वा नसो, परिणाम एकच.

आणि येथें मला एक गोष्ट आठवली. पोळ्यानंतर ड्रायव्हर दोनदां म्हणाला होता, "क्लचचा खेळ गेला आहे, एक दिवस गाडी कारखान्यांत द्यावी." त्यावर "हंगाम उरकूं दे," असें उत्तर दिलें गेलें होतें. तें उत्तर देणारा मीच होतों.

हें मीं सर्वांसमक्ष सांगितलें. थोरले बंधु कांहीं वेळ बोलले नाहींत. संध्याकाळीं ड्रायव्हरला ओसरीवर बोलावून त्यांनीं त्याच्या हातीं चहाचा पेला दिला आणि म्हणाले, "चूक आमची होती. मनांत ठेवूं नकोस."

गिअरबॉक्स उतरविलाच होता, म्हणून क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, काटा व पायलट बेअरिंग हींही पाहून घेतलीं. तीच मजुरी दुसऱ्यांदा देण्यांत शहाणपण नाहीं. एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतों. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसांस घातक आहे. ती हवेच्या झोतानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी.

आतां दर महिन्यास पेडलाचा खेळ पाहून त्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहिण्याचें काम धाकट्या पुतण्याकडे आहे. ड्रायव्हर काय म्हणतो, तें त्याच दिवशीं ऐकून घेण्याचें काम माझ्याकडे.