मले, तुले आणि चोवीस तास

सौंसरच्या एका मुलीकडं या दिवाळी अंकासाठी कथा मागितली. मोबाइलवर उत्तर आलं, "सर, मले मराठी लिवाले येत नाही." तेही मराठीत! ते वाक्य वर्षभर सलत राहिलं.

ही मुलगी रोज लिहिते. संत्र्याच्या तोडणीला जाणाऱ्या बायांची बोलणी, आजीच्या शिव्या, ऐन पोळ्याच्या तोंडावर विकलेला बैल. चार-सहा ओळी, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर. शाळा हिंदीत झाली, त्यामुळं तिची पहिली मराठी वही म्हणजे मोबाइल. 1956 साली राज्यांची फेरमांडणी झाली आणि सौंसरचा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला; 2023मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा निघाला. चुलीपाशी बोलतात ती बोली मात्र होती तिथंच आहे.

आणि आपण साहित्यवाले? "मोबाइलवरचं ना? टाइमपास." 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पुढं दिल्लीत साहित्य संमेलनही दणक्यात झालं. आनंद आहे. पण त्या मांडवात 'मले', 'तुले', 'काहून' यांना बसायला सतरंजीचं टोक तरी होतं का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीचे, त्या दगडफेकीच्या जत्रेचे, व्हिडिओ देशभर फिरतात. जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगावकडून पडणारे दगड सगळ्यांना ठाऊक; त्याच काठांवर काय लिहिलं जातं, ते वाचायला कुणाला सवड नाही.

मोबाइलवरचं सगळंच सोनं, असं आमचं म्हणणं नाही. सुप्रभाती सुविचारांचा गाळ आम्हीही रोज उपसतो. पण निवडायचं तर आधी वाचावं लागतं, आणि स्टेटस 24 तासांत पुसलं जातं. 1909च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या परंपरेतला दिवाळी अंक रद्दीत गेला तरी कुणाच्या तरी हाती लागतो. त्या चार ओळी कुठल्या रद्दीत शोधायच्या? विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी लिहिणाऱ्यांना विचारून हे जपायला हवं, तेही आत्ताच.

यंदाचा विषय 'काठ'. ओढूनताणून जोडतोय म्हणा हवं तर, पण आमच्या लेखी मोबाइलवरचं हे लिखाण म्हणजेच काठ. त्या मुलीच्या काही नोंदी तिच्या परवानगीनं छापल्या आहेत. मुद्रितं तपासताना हाताच्या सवयीनं आम्ही 'मले'चं 'मला' करून टाकलं. पान पाहून तिचा निरोप आला, "सर, अशी माही आजी बोलत नाही."

शेवटच्या मुद्रितात 'मले' परत बसवलं.