हंगाम बुडाला तर बयाना कोणाचा?

कोनच्या नाक्यावर उभे राहिले की एका हाताला खाडी आणि पलीकडे कल्याण, दुसऱ्या हाताला भिवंडीचा रस्ता. येथे बर्फ पडत नाही आणि पडणारही नाही. तेव्हा व्यापाराच्या पानावर आम्ही बर्फावर घसरण्याच्या खेळाची, स्कीइंगची, आणि त्यावर पोट भरणाऱ्या गावांची गोष्ट का काढली, असे व्यापारी बंधू विचारतील. कारण साधे आहे. तो धंदा चार महिन्यांचा आहे. डिसेंबर ते मार्च या काळात जे कमवायचे त्यावर बाकीचे आठ महिने काढायचे. आपल्याकडे रमजानचे शेवटचे वीस दिवस आणि ईदनंतरचे निकाहचे दिवस गेले, तर कापडवाल्याच्या, चपलावाल्याच्या, जरीकाम करणाऱ्याच्या आणि मंडपवाल्याच्या हाती वर्षभरात काय उरते? हंगामी धंद्यातल्या माणसाचे दुःख बर्फातही तेच असते आणि खाडीकाठीही तेच.

कोरोनाच्या साथीत ही बर्फाची गावे सर्वांत आधी बदनाम झाली. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील इश्गल हे गाव हिवाळी पर्यटकांनी गजबजलेले असते. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात आइसलँडने कळवले की या गावाहून परतलेले आपले नागरिक आजारी आहेत. पण हंगाम भरात होता. बंद करायला कोणाचा हात उठेना. १३ मार्चला दरीची नाकेबंदी झाली, तोवर पर्यटक साथ घेऊन युरोपभर पोहोचले होते. पुढे इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्यापीठाने गावकऱ्यांची तपासणी केली, तेव्हा शंभरातील बेचाळीस जणांच्या रक्तात लागणीची खूण सापडली. चार दिवसांच्या गल्ल्यासाठी पुढच्या हंगामाची अब्रू गेली. असा लोभ आपल्या बाजारात नसतो, असे आम्ही म्हणणार नाही.

अमेरिकेतील वेल रिसॉर्ट्स या मोठ्या कंपनीने १५ मार्च २०२० पासून उत्तर अमेरिकेतील आपली सर्व केंद्रे बंद केली. मग आठ महिने विचार करायला मिळाले आणि पुढच्या हिवाळ्यात हा धंदा नव्या रीतीने मांडला गेला. डोंगरावर किती माणूस घ्यायचे हे आधी ठरले आणि पास खिशात असला तरी दिवस राखून ठेवल्याशिवाय प्रवेश मिळेना. दोरावरच्या खुर्चीत एकत्र आलेली मंडळीच शेजारी बसवायची, बंद पाळण्याच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, बूट बदलायचे ते आपल्या गाडीत, जेवण बांधून न्यायचे, रात्रीचे पेयपानाचे अड्डे बंद. यात नवल काही नाही. उमरा पुन्हा सुरू झाला तो ४ ऑक्टोबर २०२० रोजी, आणि तोही याच तत्त्वावर: दिवसाला सहा हजार माणसे, प्रत्येकाची वेळ आधी मोबाइलवर नोंदवलेली.

खरी अडचण गिऱ्हाइकाची नव्हतीच, ती कामगाराची होती. बर्फाच्या गावात काम करणारे तरुण परगावचे, कित्येक परदेशचे, आणि एका खोलीत चार-सहा जण राहणारे. जून २०२० मध्ये अमेरिकेने हंगामी कामाचे व्हिसा रोखले, तेव्हा पाळणे चालवायला आणि खोल्या झाडायला माणूस मिळेना. जे होते त्यांच्या खोल्यांतूनच लागण पसरू लागली. आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. यंत्रमागाच्या खोलीत एक पाळी उठते तेव्हा दुसरी त्याच चटईवर पाठ टेकते. २ मे २०२० च्या रात्री भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला पहिली श्रमिक गाडी सुटली, त्याआधी कित्येक जण पायीच निघून गेले होते. शेठ म्हणाले, हे लोक पळून गेले. आम्ही विचारतो, खोली भाड्याने देणारा, खाणावळवाला आणि मालक, या तिघांपैकी किती जणांनी त्यांना थांबा, पोटाचे आम्ही बघतो, असे सांगितले होते?

युरोपात प्रत्येक सरकारने आपापला निराळा न्याय केला. स्वित्झर्लंडने डोंगर उघडे ठेवले. ऑस्ट्रियाने २४ डिसेंबर २०२० ला पाळणे सुरू केले पण हॉटेले बंदच ठेवली, म्हणजे जवळपासचा माणूस सकाळी आला आणि संध्याकाळी घरी गेला. फ्रान्सने तो संपूर्ण हिवाळा पाळणे हलू दिले नाहीत, मात्र ते चालवणाऱ्या कंपन्यांना बुडालेल्या उलाढालीचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून भरून दिला. सर्वांत वाईट वागणूक इटलीतील धंदेवाल्यांना मिळाली. १५ फेब्रुवारी २०२१ ला उघडायचे म्हणून त्यांनी माणसे बोलावली, उतार तयार केले, कोठ्या भरल्या, आणि आदल्या संध्याकाळी हुकूम आला की ५ मार्चपर्यंत बंद. भाजीपाला काय पाच मार्चची वाट बघतो? आपल्याकडे २०२१ च्या एप्रिलमध्ये याहून वेगळे काय झाले! रमजानचा माल भरून झाला आणि ५ एप्रिलच्या रात्रीपासून अत्यावश्यक नसलेल्या दुकानांना कुलूप लागले. १४ एप्रिलला पहिला रोजा होता. लागोपाठ दुसरा रमजान गेला.

आता आमच्या मुद्द्याकडे. मुखपट्ट्या आणि अंतर हे सर्वांनी केले, त्याचे कौतुक पुष्कळ झाले. आगाऊ घेतलेल्या पैशाचे काय केले, हे कोणी फारसे विचारत नाही. वेलच्या गिऱ्हाइकांनी पूर्ण हंगामाचे पैसे भरले होते आणि हंगाम अर्ध्यात तुटला. लोक भांडले, कोर्टात गेले. कंपनीने रोख परत दिली नाही, पण पुढच्या वर्षीच्या पासात कमीत कमी वीस टक्के, आणि काहींना ऐंशी टक्क्यांपर्यंत सूट दिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढच्या हंगामाच्या पासाबरोबर तिने लिहूनच दिले की साथीमुळे डोंगर बंद राहिला तर किती पैसे परत मिळतील. त्यासाठी जादा आकार नाही. कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हे. हे लिहून दिल्याशिवाय पुढचा पास कोणी घेणार नाही, हे तिला कळले होते.

जवळचे उदाहरण पाहू. कल्याणहून कर्जतची गाडी धरली की नेरळ, आणि वर माथेरान. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली पुरी झाली ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून, हे आपल्या तरुण व्यापाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. साथीच्या वर्षी पुढे घोडा, हातरिक्षा, हमाल किंवा पाय हेच होते. २०२० मध्ये एप्रिल-मेचा ऐन हंगाम गेला. नेरळचा मार्ग २०१९ च्या पावसात आधीच मोडला होता, अमन लॉज ते माथेरान ही आखूड फेरीही थांबली, ती ४ नोव्हेंबर २०२० ला पुन्हा सुरू झाली. हॉटेलवाल्याने खोलीला कुलूप लावले की खोली काही खायला मागत नाही. घोडा मागतो. त्याला रोज चारा आणि चणे लागतात, नाल मारावी लागते, आणि पर्यटक आला नाही म्हणून तो एक दिवस उपाशी राहत नाही. चपला शिवणारा, चिक्की करणारा, ओझे वाहणारा, यांच्यापैकी कोणाकडेही आगाऊ पैसा नव्हता, रद्द झाल्याची भरपाई मागायला करार नव्हता. हॉटेलकडे बयाना होता, त्यातून तो परत करणारेही होते आणि पुढच्या तारखेवर बोट ठेवणारेही. म्हणजे डोंगर एकच, पण हंगाम बुडाल्याचे ओझे सर्वांत खालच्या माणसावर. काश्मीरात गुलमर्गचे नशीब थोडे बरे निघाले. परदेशी खेळाडू आले नाहीत तरी परदेशात जाता न येणारा देशातला पर्यटक २०२०-२१ च्या हिवाळ्यात तिकडे वळला आणि गाव भरले.

आमच्या घरचा धंदा मंडप, देग आणि भांडी भाड्याने देण्याचा. मार्च २०२० मध्ये शाबानचे निकाह आणि ईदनंतरच्या तारखा मिळून आमच्या वहीत बऱ्याच नोंदी होत्या. बयान्याची रक्कम आम्ही भटाऱ्याला, फुलवाल्याला आणि नव्या कनातींच्या कापडाला देऊन बसलो होतो. २५ मार्चला देश बंद झाला. पुढे पन्नास माणसांत निकाह आणि एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसे, दोन तास आणि मोडल्यास पन्नास हजार दंड. देग काढायची कोणासाठी? एका बेवा बाईंनी मुलीच्या निकाहसाठी दिलेला बयाना आम्ही चार महिने परत केला नाही. तारीख बदला, एवढेच सांगत राहिलो. निकाह घरच्या घरी दहा माणसांत झाला होता. बदलायला तारीखच उरली नव्हती. शेवटी पैसे दिले, पण ज्या दिवशी त्यांना गरज होती त्या दिवशी दिले नाहीत. आम्हीही एका सभागृहाकडे भरलेल्या रकमेसाठी असेच खेटे घातले. तेव्हा हा दोष दुसऱ्याचा असे म्हणून आम्हाला सुटता येणार नाही.

कायदा काय सांगतो हे ठाऊक असावे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५६ म्हणते की ठरलेले काम पुढे अशक्य किंवा बेकायदा झाले तर करार रद्द होतो. कलम ६५ म्हणते की अशा रद्द करारात एकाने दुसऱ्याकडून जो लाभ घेतला तो परत करावा. पण करारातच वेगळे लिहिले असेल तर आधी तेच पाहिले जाते, आणि आपल्याकडे तर लिहिलेलेच नसते. दुकानाच्या भाड्याचा मामला आणखी अवघड. दिल्लीच्या खान मार्केटमधील एका गाळ्याच्या प्रकरणात २१ मे २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की लॉकडाऊन होता एवढ्यावर भाडे माफ होत नाही. करारात तशी तरतूद असेल तर गोष्ट वेगळी. भाडेपट्ट्याला कलम ५६ लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हटले आहे. ज्यांचे गाळे भाड्याचे आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

परत करणारेही होते. २०२० साली बाहेरच्या यात्रेकरूंना हज नाही असे ठरल्यावर सुमारे दोन लाख तेरा हजार अर्जदारांचे पैसे एक रुपयाही न कापता परत करण्याचे जाहीर झाले. विमान कंपन्या पुढच्या प्रवासाची चिठ्ठी हातावर ठेवत होत्या, त्यांना १ ऑक्टोबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लॉकडाऊनमध्ये काढलेल्या तिकिटांचे पैसे परत द्यावे लागले. बागेतले फळ आपत्तीने गेले तर विकणाऱ्याने किमतीचा हट्ट धरू नये, ही शिकवण तर हदीसमध्येच आहे. ती कोठवर लागू करायची याबद्दल फिकहच्या जाणकारांत मतभेद आहेत, ते त्यांनी पाहावेत. मंडपवाल्याला एवढे कळले तरी पुरे.

कोणी म्हणेल, सगळा बयाना परत केला तर भटाऱ्याला दिलेले कोठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तो बंदीच्या दिवशी नव्हे, बयाना घेण्याच्या दिवशी बोलावा. आमच्या नव्या पावतीपुस्तकावर तीन ओळी छापल्या आहेत. सरकारी बंदीने कार्यक्रम होऊ शकला नाही तर त्यावर झालेला खर्च बिलानिशी दाखवून उरलेली रक्कम पंधरा दिवसांत परत. तारीख बदलायची की नाही हे गिऱ्हाईक ठरवील. भटारी आणि फुलवाला यांच्याशीही हीच अट. भटाऱ्याने कुरकुर केली, मग सही केली. टेम्पोचे मात्र अजून ठरलेले नाही. सामान भरून गाडी निघाली आणि वाटेत हुकूम आला तर जाण्यायेण्याचे भाडे कोणी सोसायचे, यावर आमच्याच घरात दोन मते आहेत. ती जागा पावतीवर सध्या कोरी आहे.