विश्लेषण : विश्वाच्या जन्मक्षणाचा पुरावा खरेच हाती लागला आहे का?

मार्च २०१४मध्ये दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ दुर्बिणीच्या चमूने विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. जगभर मथळे झळकले. जानेवारी २०१५मध्ये मात्र ‘प्लँक’ उपग्रहासोबतच्या संयुक्त विश्लेषणातून वेगळेच समोर आले. संकेत बराचसा आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा होता आणि उरलेला भाग पुरावा म्हणण्याइतका ठोस नव्हता.

‘इन्फ्लेशन’ म्हणजे काय?
इथे महागाईचा संबंध नाही. ॲलन गुथ यांनी १९८१मध्ये मांडलेल्या या सिद्धांतानुसार, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व प्रचंड वेगाने फुगले. त्यामागे एक ऊर्जाक्षेत्र होते.

क्वांटम चढउतारांनी काय केले?
क्वांटम नियमांनुसार कोणतेही क्षेत्र पूर्ण स्थिर राहत नाही. त्याचे मूल्य सतत किंचित वर-खाली होते. त्यामुळे हे वेगवान प्रसरण सगळीकडे एकाच क्षणी थांबले नाही. कुठे ते किंचित आधी थांबले, कुठे नंतर. त्यातून घनतेत बारीक फरक पडले आणि प्रसरणाने ते अवाढव्य अंतरांपर्यंत ताणले. जिथे घनता जास्त, तिथे गुरुत्वाकर्षणाने पदार्थ गोळा झाला आणि पुढे आकाशगंगा घडल्या. व्याचेस्लाव मुखानोव्ह आणि गेन्नादी चिबिसोव्ह यांनी १९८१मध्येच याचे गणित मांडले होते.

पुरावा काय?
१९९२मध्ये ‘कोबे’ उपग्रहाने आदिम प्रारणाच्या तापमानात लाखात एक भाग इतके फरक टिपले. लहान-मोठ्या सर्व आकारांचे चढउतार सारख्याच ताकदीचे असते, तर त्यांचा निर्देशांक १ आला असता. इन्फ्लेशननुसार तो १पेक्षा किंचित कमी असायला हवा. ‘प्लँक’च्या २०१३च्या निष्कर्षांत तो सुमारे ०.९६ आला.

मग अडले कुठे?
इन्फ्लेशनने अवकाशातही लहरी उठायला हव्यात. त्या अजून सापडलेल्या नाहीत. घनतेच्या चढउतारांच्या तुलनेत त्यांचे प्रमाण ०.०३६पेक्षा कमी असावे, अशी मर्यादा ‘बायसेप’च्या चमूने २०२१मध्ये घातली. त्यामुळे इन्फ्लेशनची अनेक सोपी प्रारूपे बाद झाली.

धडा कोणता?
‘सिद्ध झाले’ म्हणणे घाईचे आणि ‘नुसती कल्पना’ म्हणणे अन्यायाचे. २०१४ची घोषणा तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच पत्रकार परिषदेत झाली, ही चूकच होती. पण ती शास्त्रज्ञांनीच मोजमाप करून दुरुस्त केली. तेव्हा मूळ दाव्याला मिळाली तेवढीच जागा दुरुस्तीलाही मिळायला हवी. नाहीतर वाचकाच्या लक्षात राहते ती फक्त धूळ.